वेज कोणत्या घ्याव्यात? ६० डिग्री घेऊ की नको?

चिखलातला_चेंडू
नमस्कार मंडळी. क्रीडा विभागात गोल्फवर फारसं कोणी लिहीत नाही, पण इथे चार-पाच गोल्फवेडे लपलेत हे मागच्या एका धाग्यात कळलं म्हणून विचारतोय. मी म्हापशाला असतो. खेळणं म्हणजे सुट्टीच्या दिवशी काणकोणचं नऊ होलांचं किंवा वार्क्याचं छोट्या होलांचं पार-३, आणि कामाला पुण्याला गेलो की तिथे एखादा राउंड. हँडिकॅप (जेवढा मोठा तेवढा खेळ कच्चा) विचारू नका, वीसच्या वरच आहे.

तर प्रश्न असा. आयर्नचा (लोखंडी डोक्याच्या काठ्यांचा) नवीन सेट घेतलाय, त्यात पिचिंग वेज (जवळून बॉल उंच मारायची काठी) आली. सँड वेज (बंकरातून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, बॉल काढायची) जुन्या सेटमधली आहे, ५६ डिग्रीची. आता एक ६० घ्यावी असं मनात आहे, ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) कडेने बॉल उंच उडवून जागेवर थांबवायला. दुकानदार म्हणतो ५२-५६-६० असे तीन एकदम घ्या, सेटवर डिस्काउंट देतो. पण प्रत्येक वेजवर लॉफ्टच्या (तोंड मागे किती झुकलंय त्या कोनाच्या) बाजूला अजून एक आकडा, ८, १२, ४, आणि त्यापुढे एक अक्षर. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला "तो बाउन्स, सगळ्यांना १० चालतो". खरंच चालतो का? स्विंग बघून वेज निवडायची म्हणजे नेमकं काय बघायचं?

शून्य_हँडिकॅप
६० घेऊ नका. धागा संपला.

तिरकस_तिसवाडी
म्हापशाहून काणकोणला जाऊन येऊन खेळता? पेट्रोलचे पैसे साठवले असते तर आत्तापर्यंत तिन्ही वेज आल्या असत्या, वर बॅग उचलणारा एक कॅडी महिन्याच्या पगारावर.

चिखलातला_चेंडू
@शून्य_हँडिकॅप कारण तरी सांगा हो.
@तिरकस बायको पण हेच म्हणते.

फोंडेकर_बाब
चेंडूबाब, ६० चं नंतर बघू. पहिलं मला सांगा तुमच्या नवीन सेटमधल्या पिचिंग वेजचा लॉफ्ट किती आहे? बहुतेकांना हे माहीतच नसतं आणि तिथूनच सगळा घोळ सुरू होतो.

पूर्वी पिचिंग वेज ४७-४८ डिग्रीची असायची. त्यामुळे ५२ आणि ५६ घेतली की चार-चार डिग्रीच्या पायऱ्या बरोबर पडायच्या. आता कंपन्यांनी लांब मारण्याच्या नादात आयर्न सरळ करत आणल्यात. पूर्वी सात नंबरची आयर्न ३४-३५ डिग्रीची असायची, आता गेम इम्प्रूव्हमेंट (हौशी खेळाडूंच्या) सेटात ती २८-२९ ला आलीय, आणि तिच्या मागोमाग पिचिंग वेज ४३-४४ ला. वर नाव तेच, "पी" लिहिलेलं, पण ती जुन्या हिशेबाने नऊ नंबरच आहे. मग ४३ नंतर एकदम ५६? मधे तेरा डिग्रीचं भगदाड. तुम्हाला ग्रीनच्या कडेचा प्रॉब्लेम वाटतोय पण मी पैज लावतो की ८० ते १०० यार्डात तुमच्या हातात एकही बरोबर काठी नसणार, पिचिंग वेज मारली तर ग्रीनपार आणि सँड वेज मारली तर आधीच्या बंकरात.

लॉफ्ट कंपनीच्या साइटवर मॉडेलच्या नावाखाली मिळतो. बघा आणि इथे टाका.

पर्वरीची_ताई
फोंडेकरबाबना +१. माझ्या लेडीज सेटमधे पिचिंग आणि सँड अशा दोनच आल्या होत्या आणि ८० यार्डाचा शॉट आला की मी देवाचं नाव घ्यायची. मधली गॅप वेज घेतल्यापासून स्कोअर सुधारला, कारण निम्म्या ताकदीने मारायची वेळच येत नाही. आम्हा बायकांचा आणि वयस्कर मंडळींचा स्विंग स्पीड कमी, त्यामुळे दोन वेजमधलं अंतरही कमी पडतं. चार-चार डिग्रीवर घेतल्या तर दोन्ही जवळजवळ तेवढ्याच लांब जातात. सहा डिग्रीचं अंतर आमच्यासाठी बरं.

अजून एक. या भारी दिसणाऱ्या ब्लेडसारख्या वेज सगळ्यांना लागतात असं नाही. मागून पोकळ, रुंद सोलच्या (तळाच्या) कॅव्हिटी बॅक वेज मिळतात. थोडा मिसहिट झाला तरी सांभाळून घेतात. बॅगेत ठेवली की शेजारचा फोरसम (चौघांचा ग्रुप) नाक मुरडतो एवढाच तोटा.

कॅडीमामा
मी आता शिकवतो, त्याआधी बरीच वर्षं साहेब लोकांच्या बॅगा उचलल्या. बॅग उचलणाऱ्याला माणसाचा स्विंग बघावा लागत नाही, तो गेल्यावर मागे जमिनीवर काय उरलं ते बघितलं की पुरे.

चेंडूबाब, पुढच्या वेळी पिचिंग वेजने मारलं की डिव्हटकडे (काठीने उखडलेल्या गवताकडे) बघा. गवताचा जाड तुकडा उडाला आणि खड्ड्यात बोट बुडेल एवढी माती निघाली तर तुमचा स्विंग वरून खाली येतो, कुदळ मारल्यासारखा. अशा माणसाला बाउन्स जास्त हवा, १० ते १४. बाउन्स म्हणजे वेजच्या तळाचा फुगीर भाग पुढच्या धारेच्या किती खाली येतो तो कोन. तो जास्त असला की वेज जमिनीत घुसायच्या ऐवजी घसरून बाहेर येते. उलट नुसतं गवत चाटलं जातं, माती निघतच नाही, तर तुम्ही सपाट मारता. तुम्हाला ४ ते ८ चालेल, जास्त बाउन्स दिला तर वेज जमिनीवर आपटून उसळेल आणि बॉलच्या पोटात धार लागून बॉल सरळ समोरच्या झाडीत.

सगळ्यांना १० चालतो म्हणणारा दुकानदार चूक नाही पण आळशी आहे.

चिखलातला_चेंडू
कॅडीमामा हे आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. डिव्हट माझे खोल असतात बहुतेक, ग्रीनकीपर माझ्याकडे रागाने बघतो एवढं नक्की. बघतो आणि सांगतो.

डिचोलीचा_दादा
बाउन्सवरून आठवलं. ही सगळी भानगड सुरू केली अमेरिकन गोल्फपटू जीन सॅराझेनने. तो स्वतः सांगायचा की विमानवेड्या उद्योगपती हॉवर्ड ह्यूजबरोबर विमानात बसला असताना शेपटी खाली गेल्यावर विमानाचं नाक वर येतं हे त्याने पाहिलं, आणि डोक्यात आलं की काठीच्या तळालाही मागून असंच काही लावलं तर? मग जुन्या निब्लिकच्या (तेव्हाच्या जास्त लॉफ्टच्या काठीच्या) तळाला डाखाचं शिसं चढवून, घासून घासून त्याने सँड वेज बनवली आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन प्रिन्सेस कोर्सवर तीच घेऊन जिंकला. त्याच्याआधी बंकरासाठी खोलगट तोंडाची एक काठी निघाली होती, तिच्यावर १९३१ मधे बंदी आली. सॅराझेनच्या काठीचं तोंड सपाट होतं, कमाल सगळी तळात होती, त्यामुळे ती टिकली.

म्हणजे बघा, सँड वेज म्हणजे मुळात बाउन्सच. लॉफ्ट त्याच्या मागून.

तिरकस_तिसवाडी
वा दादा. डिचोलीत बसून एवढं ज्ञान. मधे मायनिंग बंद पडलं तेव्हापासून माणसं वाचायला लागलीत.

पाणीपुरवठा
गोव्यात गोल्फ हा विषयच मुळात चुकीचा आहे. उन्हाळ्यात गावात टँकर येतो आणि इथे गवताला हिरवं ठेवायला रोज पाणी मारायचं. तेरेखोलच्या लोकांनी गोल्फ कोर्सला विरोध केला तो काय उगीच? ५६ घ्या नाहीतर ६० घ्या, जमीन कोणाची आणि पाणी कोणाचं हा प्रश्न कधी विचारणार?

शून्य_हँडिकॅप
प्रश्न बरोबर आहे हो, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पण येतो तिकडे लिहायला. सांडपाणी शुद्ध करून गवताला वापरता येतं, जगात कितीतरी ठिकाणी वापरतात, आणि खाऱ्या पाण्यावर तग धरणारं पास्पालमसारखं गवतही आहे. नवीन कोर्ससाठी डोंगर कापायला माझाही विरोधच आहे. पण जे नऊ होल आहेत त्यांच्यावर खेळणाऱ्याने कोणती काठी घ्यावी हे विचारणं गुन्हा नाही.

पाणीपुरवठा
बरं. काढतो वेगळा धागा. तोवर तुम्ही उडवा माती.

संपादक
पाणी आणि जमिनीवरची चर्चा नवीन धाग्यात करावी. इथे वेजवरच राहू.

बोटीवरलो
मी क्रूझवर असतो. मियामीला बोट लागली की तिथून काठ्या आणतो, आत्तापर्यंत निम्म्या बाणावलीला माझ्यामुळे वेज मिळाल्या असतील. माझा सल्ला लॉफ्टचा नाही, गंजाचा. रॉ फिनिश नावाचा प्रकार असतो, वर क्रोम नसतं, मुद्दाम गंजू देतात. उन्हात चमकत नाही म्हणून प्रो लोकांना आवडतं. आपल्याकडे समुद्राच्या खाऱ्या हवेत ती पावसाळाभर गाडीच्या डिकीत ठेवली की चतुर्थीला बाहेर काढताना ओळखू येणार नाही. गंजाने स्पिन वाढतो असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. आपल्या हवेत क्रोमवाली घ्या, राउंडनंतर कोरड्या फडक्याने पुसा, आणि डिकीत अजिबात ठेवू नका.

पर्वरीची_ताई
बोटीवरले बाब, मला एक ५४ आणाल का पुढच्या फेरीत? 😄

बोटीवरलो
आणतो ताई. व्यक्तिगत निरोप करा. फीश करी राईसवर सौदा.

नियमावली
दोन नियम लक्षात ठेवा. एक, बॅगेत जास्तीत जास्त १४ काठ्या. तीन-चार वेज ठेवायच्या तर वरून काहीतरी काढावं लागेल, आणि वीस हँडिकॅपवाल्याने तीन नंबरची आयर्न काढली तर तिला श्रद्धांजली वाहायलाही कोणी येणार नाही. दोन, ग्रूव्ह्ज. २०१० पासून वेजच्या खाचा किती खोल आणि त्यांच्या कडा किती धारदार असाव्यात यावर बंधन आलं, आधी मोठ्या स्पर्धांसाठी. रफमधून (वाढलेल्या गवतातून) येणारा स्पिन कमी व्हावा हा हेतू. त्यामुळे "जुनी वेज जास्त फिरवते" असं म्हणणारा कोणी भेटला तर तो अगदीच हवेत बोलत नसतो. पण जुन्या खाचा बोथट झालेल्या असतील तर त्याचा काही उपयोग नाही.

चिखलातला_चेंडू
माझ्या ५६ च्या खाचा नखाने बघितल्या. मधल्या भागात नख अडकतच नाही, सरळ घसरतं. कडेला अडकतं.

नियमावली
मग ती संपली. टायटलिस्ट कंपनीवाले ७५ राउंडनंतर वेज बदला म्हणतात, त्यांना विकायच्या आहेत हे धरूनही त्यात थोडं तथ्य आहे. बंकरात सराव करणाऱ्याची तर अजून लवकर झिजते, वाळू म्हणजे पॉलिश पेपरच.

फोंडेकर_बाब
थांबा थांबा, लगेच फेकू नका. स्पिनचं बोलताय तर बॉल कोणता वापरता ते पण सांगा. तळ्यातून काढलेले, किंवा स्वस्तातले कडक कव्हरचे दोन पीसवाले बॉल असतील तर नवीकोरी वेज घेऊनही ग्रीनवर बॉल थांबणार नाही. मऊ युरेथेन कव्हरचा बॉल वापरा, मग वेजला बोल लावा.

चिखलातला_चेंडू
😶 तळ्यातलेच वापरतो. हरवले तरी जीव जळत नाही.

तिरकस_तिसवाडी
तळ्यातून येतात, तळ्यात जातात. याला म्हणतात जलचक्र. @पाणीपुरवठा नोंद घ्या.

कॅडीमामा
आता बाउन्समधलं पावसाचं सांगतो, कारण गोव्यात हे महत्त्वाचं. एप्रिल-मे मधे जमीन तापून कडक होते, खाली जांभा असला तर बोलायलाच नको, तिथे जास्त बाउन्सची वेज उसळते. जून लागला की तीच जमीन भुसभुशीत, वेज घुसते, तिथे जास्त बाउन्स वाचवतो. म्हणून मी पोरांना सांगतो, पावसाळ्यात १२, उन्हाळ्यात ८.

शून्य_हँडिकॅप
मामा, गवतावर मान्य, बंकरात नाही. पावसाने बंकरातली वाळू दबून सिमेंटसारखी होते. तिथे १४ बाउन्सची वेज तोंड उघडून (आकाशाकडे जास्त फिरवून) मारलीत की ती वाळूवरून घसरत येते आणि बॉलच्या मधोमध लागते, बॉल ग्रीन ओलांडून समोरच्या बंकरात. ओल्या दबलेल्या वाळूत कमी बाउन्सचीच वेज बरी, किंवा तोंड न उघडता सरळ ठेवून मारा. कोरड्या भुसभुशीत वाळूत जास्त बाउन्स. पाऊस म्हणजे जास्त बाउन्स हे समीकरण अर्धंच खरं आहे.

कॅडीमामा
तुम्ही म्हणता ते दबलेल्या वाळूचं खरं. पण पावसाळ्यात आमच्याकडे खेळतो कोण मरे? जे खेळतात त्यांचा बॉल बंकरात गेला की तिथे पाणीच साचलेलं असतं, दंड न होता बॉल बाहेर घेण्याएवढी कोरडी जागा बंकरात मिळाली तरी नशीब. मी गवताचंच बोलत होतो.

शून्य_हँडिकॅप
😂 तेही आहे.

आता ६० चं कारण सांगतो, मघाशी घाईत होतो. अमेरिकन प्रो फिल मिकेल्सन ६४ डिग्रीची पण वापरायचा, ते बघून सगळ्यांना वाटतं लॉफ्ट वाढवला की बॉल आपोआप उंच जाऊन थांबेल. ६० डिग्रीवर तोंड एवढं मागे झुकलेलं असतं की बॉल जरा वर बसला असेल तर वेज त्याच्या खालून निघून जाते, बॉल दोन फूट पुढे. आणि जरा पातळ (नुसत्या धारेने) लागला की पंचवीस यार्डाचा शॉट साठ यार्ड जातो. फुल स्विंग मारला तरी अंतर किती? सत्तर यार्डापर्यंत, आणि ते पण प्रत्येक वेळी वेगळं. म्हणजे रेंजवर तासन्‌तास सराव करणाऱ्यासाठी ती बरी, आठवड्यातून एकदा खेळणाऱ्यासाठी नाही. ग्रीनच्या कडेने ५६ चं तोंड जरा उघडलं तरी तेवढीच उंची मिळते, आणि तोंड उघडलं की बाउन्स पण आपोआप वाढतो.

शिवाय पुढे पाणी, बंकर काही नसेल तर नऊ नंबर किंवा पिचिंग वेजने बॉल लवकर जमिनीवर टाकून घरंगळत जाऊ द्या. बर्म्युडा गवताची पाती बॉलच्या विरुद्ध दिशेला झुकलेली असतील तर जास्त लॉफ्टची वेज हमखास अडकते.

पर्वरीची_ताई
उंच उडवायची हौस पुरुषांना जास्त असते हे माझं निरीक्षण आहे. आमच्या ग्रुपमधे एकीकडेही ६० नाही.

डिचोलीचा_दादा
गोल्फपटू सेव्ह बॅलेस्टेरोस लहानपणी स्पेनमधे पेद्रेन्याच्या किनाऱ्यावर एका तीन नंबरच्या आयर्नने वाळूवर सराव करायचा, लॉफ्ट जवळजवळ नाहीच. पुढे त्याच्यासारखा शॉर्ट गेम (ग्रीनजवळचा खेळ) कोणाचा नव्हता. आपल्याकडे एवढा किनारा आहे आणि आपण सरावाची मॅट शोधतोय.

कॅडीमामा
दादा योग्य बोलले. ओहोटीला ओल्या वाळूवर काठीने एक रेघ मारा, बॉल ठेवूच नका. त्या रेघेवर उभं राहून वेज फिरवा आणि वाळू कुठून उडाली ते बघा. रेघेच्या मागे उडाली तर बॉलच्या आधी जमीन लागतेय. रेघेवर किंवा जरा पुढे उडाली तर उत्तम. खड्डा किती खोल तेही दिसतं. स्विंग मोजणाऱ्या एका मशीनचे पैसे वाचतात.

तिरकस_तिसवाडी
मोरजीला करू नका. कासवांचा मोसम असला तर वनखात्याचा माणूस हँडिकॅप न विचारता घेऊन जाईल.

बोटीवरलो
आणि कळंगुटला केलंत तर पंधरा पर्यटक सेल्फी काढतील.

चिखलातला_चेंडू
अपडेट. दोन-तीन दिवस लिहिता आलं नाही. सगळं शोधून काढलं.

पिचिंग वेज ४३ डिग्री निघाली. फोंडेकरबाब पैज जिंकले. रेंजवर मोजून मारलं, चांगले लागलेले तेवढेच धरले, पिचिंग वेज साधारण ११० यार्ड कॅरी (हवेतलं अंतर), ५६ ची ७५ च्या आसपास. मधे काहीच नाही. डिव्हट खोल, कॅडीमामा म्हणाले तसेच, कुदळ. ओहोटीला हरमलला रेघेचा प्रयोग पण केला, बरेचदा वाळू रेघेच्या मागूनच उडते. जुन्या ५६ च्या मागे १२ लिहिलंय.

अजून एक विचित्र गोष्ट. पिचिंग वेजचे शॉट सरळ जातात पण ५६ चे सगळे डावीकडे. ही ग्रिपची चूक का काठीची?

फोंडेकर_बाब
काठी उभी आहे बहुतेक. लाय अँगल, म्हणजे दांडा डोक्याला किती उभा बसवलाय तो कोन. सोलच्या तळाला मार्करने रेघ काढून कडक फळीवर मारा, खूण टाचेकडे (दांड्याच्या बाजूला) पडली तर काठी तुमच्यासाठी जास्त उभी आहे, आणि उजव्या हाताच्या माणसाचा बॉल डावीकडे जाणार. लॉफ्ट जेवढा जास्त तेवढा याचा परिणाम जास्त, म्हणून चार-पाच नंबरच्या आयर्नला कळत नाही आणि सँड वेजला कळतं. क्लब रिपेअरवाला वाकवून देतो, फार खर्च नाही.

आता तुमचं उत्तर. पहिली घ्यायची ती ५० ची, ४९ मिळाली तर अजून बरी. ४३, ४९, ५६ असं झालं की सहा-सात डिग्रीच्या पायऱ्या, अंतर ११०, ९२-९३, ७५ असं काहीतरी पडेल. गॅप वेज जास्त करून फेअरवेवरून (मधल्या कापलेल्या गवतावरून) फुल स्विंगने मारायची असते, तिला बाउन्स १० पुरे. ५६ ला तुमच्या कुदळीसाठी १२ किंवा १४.

५० ची घेऊन एक डिग्री वाकवून ४९ करून घेतलीत तर बाउन्स पण एक डिग्रीने कमी होतो हे लक्षात ठेवा. १० चा ९ होईल.

शून्य_हँडिकॅप
फोंडेकरांशी ९०% सहमत. मी ४८-५४ म्हणेन. ४३, ४८, ५४. पायऱ्या जवळजवळ सारख्या, आणि ५४ ने बंकरातूनही निघतं आणि ७०-८० यार्डालाही चालते. ५६ ची जुनी झिजलीच आहे, नवीन घ्यायचीच तर ५४ घ्या. पुढेमागे कधी हात बसला तर ६० ला जागा राहते.

पर्वरीची_ताई
शाफ्टचं (दांड्याचं) कोणीच बोललं नाही! नवीन आयर्न ग्रॅफाइट शाफ्टच्या आहेत का? मग दुकानातली वेज उचलून बघा, तिच्यात बहुधा सव्वाशे ग्रॅमच्या आसपासचा स्टील शाफ्ट असतो, हातात घेतली की हातोडा वाटेल. वेज थोडी जड असलेली चालते पण एवढा फरक नको. हलक्या शाफ्टची मागवता येते.

चिखलातला_चेंडू
ताई, आयर्न ग्रॅफाइटच आहेत. बरं झालं सांगितलंत, हे दुकानदाराच्या यादीत नव्हतंच.

तर सध्या असं ठरलंय. ५० आणि ५४-५६ मधली एक, दोन्ही कॅव्हिटी बॅक, दोन्ही हलक्या शाफ्टच्या, ५० ला १० बाउन्स आणि दुसरीला १२ च्या वर. पुण्याला जातोय तेव्हा मॅटवर नाही, गवतावर मारून बघणार आणि मगच पैसे देणार. ४८-५४ का ५०-५६ यावर अजून डोकं चालत नाही.

शून्य_हँडिकॅप
४८-५४.

फोंडेकर_बाब
५०-५६. बंकरातून निघत नाही हो या माणसाचं, ५४ ने काय करणार तो?

शून्य_हँडिकॅप
बंकरातून निघत नाही ते रेघेच्या मागे मारतो... नाही, बंकरात तर मागेच मारायचं असतं. म्हणजे याचं बंकरात चांगलं निघायला हवं. चेंडूबाब, बंकरातून निघतं का तुमचं?

चिखलातला_चेंडू
बंकरातून निघतं! गवतावरूनच निघत नाही.

कॅडीमामा
मग वजन डाव्या पायावर ठेवायला शिका आधी, त्याला पैसे पडत नाहीत. रविवारी सकाळी या काणकोणला, लवकर या, आठनंतर ऊन चढतं. ४८ की ५० ते तुमचे दहा शॉट बघून तिथेच सांगतो.

डावखुरा_डोंगरी
सगळा धागा वाचून काढला, वाचनखूण साठवली. पण एक विचारतो, डावखुऱ्यांसाठी १२ च्या वर बाउन्सची ५६ भारतात कुठे मिळते का? दुकानात विचारलं की एकच मॉडेल दाखवतात, ८ बाउन्सचं, आणि "सर हेच चालतं" म्हणतात. बोटीवरले बाब, पुढची फेरी कधी?

बोटीवरलो
डिसेंबरात घरी येतोय, नाताळाला. डावी मिळणं तिथे पण कठीण आहे पण बघतो. मॉडेल आणि शाफ्ट लिहून पाठवा, ग्रिपची जाडी पण लिहा, मागच्या वेळी एकाने लिहिली नव्हती आणि ती काठी अजून माझ्याकडेच पडून आहे.